शुगर आणि वजन दोन्ही वाढलंय, मग ऑपरेशन करायचं की इंजेक्शन घ्यायचं?

टाइप २ डायबेटीस निघाला आणि वजनही जास्त असलं की पहिल्या दिवसापासून एकच ऐकायला मिळतं, वजन कमी करा. सल्ला बरोबरच आहे, पण त्याच कागदावर लिहून दिलेली काही औषधं वजन वाढवणारी असतात हे फारसं कोणी सांगत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घ्या किंवा इन्सुलिन घ्या, शुगर खाली येते पण वजन चढतं, वजन चढलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग डोस वाढतो, मग परत वजन. या चक्रात माणूस सात-आठ वर्षं फिरत राहतो आणि घरचे म्हणतात याचा तोंडावर ताबा नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण यातला बराचसा भाग त्या माणसाच्या हातातच नसतो.

आता या चक्रातून बाहेर पडायला दोन जोरदार मार्ग आहेत. एक म्हणजे बेरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन, आणि दुसरा म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं, वेगोवी, मौंजारो वगैरे, जी २०२५ मध्ये आपल्याकडच्या मेडिकलमध्ये आली आणि तेव्हापासून प्रत्येक फॅमिली ग्रुपवर चर्चेत आहेत. दोन्हीतलं चांगलं कुठलं असं सगळे विचारतात. पण त्याआधी डायबेटीस होऊन किती वर्षं झाली हे विचारायला हवं, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

ऑपरेशनची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावी वॉल्टर पोरीज नावाचे सर्जन होते, ते वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास करायचे. त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर काही दिवसांतच, म्हणजे वजन अजून नीट उतरलेलंही नसताना, पेशंटची शुगर नॉर्मलला येतेय आणि इन्सुलिन बंद करावं लागतंय. १९९५ मध्ये त्यांनी आकडे छापले, डायबेटीस असलेल्या १४६ पेशंटपैकी १२१ जणांची शुगर नॉर्मल झाली होती. डायबेटीस हा कायमचा आणि वाढतच जाणारा आजार असं शिकलेल्या डॉक्टरांना हे पचायला जड गेलं, कित्येकांनी मानलंच नाही.

असं का होतं ते बघू. बायपासमध्ये दुर्बिणीतून पोटात शिरून जठराच्या वरच्या टोकाला स्टेपलरने एक छोटी पिशवी वेगळी करतात, तिच्यात जेमतेम ३० मिली मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. मग लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक थेट त्या पिशवीला जोडतात. म्हणजे खाल्लेलं अन्न उरलेल्या जठरात जातच नाही, आतड्याच्या पहिल्या भागालाही त्याचा स्पर्श होत नाही, ते लवकर खाली पोचतं. आतड्याच्या खालच्या भागात अशा पेशी असतात की अन्न पोचलं की त्या जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात, ते स्वादुपिंडाला सांगतं इन्सुलिन सोड, मेंदूला सांगतं पोट भरलं. बायपासनंतर जेवल्यावर हे हार्मोन आधीपेक्षा कितीतरी पटीने जास्त सुटतं. शिवाय खाणं एकदम कमी झाल्यामुळे लिव्हरमधली चरबी काही दिवसांतच उतरायला लागते आणि लिव्हर इन्सुलिनचं ऐकायला लागतं. दुसरं ऑपरेशन स्लीव्हचं, त्यात आतड्याला हात लावत नाहीत, जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागात भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन तयार होत असतं, त्यामुळे भूकही कमी लागते.

आणि गंमत म्हणजे नवी इंजेक्शनं वर सांगितलेल्या जीएलपी-१ हार्मोनची नक्कल आहेत. त्यांची सुरुवात अमेरिकेतल्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेपासून झाली. तिच्यात सापडलेलं एक्झेंडिन-४ आपल्या जीएलपी-१ सारखं काम करतं पण शरीरात जास्त वेळ टिकतं, आपलं स्वतःचं तर दोन-चार मिनिटांत संपतं. ते शोधलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या जॉन एंग यांनी, आणि त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. आता सेमाग्लुटाइड (वेगोवीतलं औषध) आठवड्यातून एकदा, आणि टिर्झेपाटाइड (मौंजारोतलं) तर जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं.

आता आकडे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या हॉस्पिटलने स्टॅम्पीड नावाची ट्रायल केली, १५० पेशंट, चिठ्ठ्या टाकून तीन गट केले, एकाला फक्त औषधं (चांगली, कडक देखरेखीत), दुसऱ्याला औषधं आणि बायपास, तिसऱ्याला औषधं आणि स्लीव्ह. सरासरी आठ वर्षांहून जास्त जुना डायबेटीस, एचबीए१सी म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर. लक्ष्य होतं ते ६ किंवा त्याखाली आणायचं. २०१२ मध्ये पहिल्या वर्षाचा निकाल आला, औषधांवर १२ टक्के लोकांना जमलं, बायपासवाल्या ४२ टक्क्यांना, स्लीव्हवाल्या ३७ टक्क्यांना. पाच वर्षांनी हेच आकडे झाले ५, २९ आणि २३. म्हणजे ऑपरेशन पुढेच राहिलं, पण ऑपरेशनचा परिणामही दरवर्षी थोडा थोडा ओसरत गेला, हे जाहिरातीत कधी दिसत नाही. २०२४ मध्ये अशा चार अमेरिकन ट्रायल्स एकत्र करून २६२ लोकांचा लांब पल्ल्याचा हिशेब छापला गेला. सात वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचं वजन सुमारे २० टक्के कमी, औषधवाल्यांचं ८ टक्के, आणि डायबेटीस रेमिशनमध्ये, म्हणजे औषधाशिवाय एचबीए१सी ६.५ च्या खाली, ऑपरेशनवाले १८ टक्के तर दुसरे ६ टक्के.

१८ टक्के वाचून कुणी म्हणेल एवढं पोट कापून एवढंच? मलाही आकडा छोटाच वाटतो. पण स्वीडनचा एसओएस अभ्यास बघा, त्यात ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या लठ्ठ लोकांची तुलना आहे, तो १९८७ पासून चाललाय. तिथे ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोक रेमिशनमध्ये होते आणि पंधरा वर्षांनी ३० टक्के. म्हणजे बऱ्याच जणांची शुगर परत आली. तरीही डोळे, किडनी, नसा यांची छोट्या रक्तवाहिन्यांची दुखणी ऑपरेशन झालेल्या गटात निम्म्यावर राहिली. शुगर नॉर्मल राहिलेली वर्षं वाया जात नाहीत. डोळ्याचा पडदा आणि किडनी ज्यांनी गमावलीय त्यांच्या घरच्यांना याची किंमत कळेल.

पण वरच्या ट्रायल्समध्ये औषधांचा गट बराचसा जुन्या औषधांचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. टिर्झेपाटाइडच्या ट्रायलमध्ये डायबेटीस असलेल्या ९३८ लोकांना घेतलं होतं, मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी १४.७ टक्के वजन उतरलं आणि एचबीए१सी दोनहून जास्त अंकांनी खाली आलं. ऑपरेशन न करता हे होणं म्हणजे दहा वर्षांपूर्वी स्वप्न होतं. पण व्हॉट्सअॅपवर फिरणारा २० टक्क्यांचा आकडा डायबेटीस नसलेल्या लोकांच्या ट्रायलमधला आहे. सेमाग्लुटाइडचंही तसंच, डायबेटीस नसताना जवळपास १५ टक्के, असताना सुमारे १० टक्के. त्यामुळे शेजारणीचं वीस किलो उतरलं आणि माझं का नाही म्हणून इन्सुलिनवर असलेल्या माणसाने स्वतःला दोष देऊ नये, प्लीज.

आणि इंजेक्शन थांबवलं की काय? सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं असं कंपनीच्याच ट्रायलमध्ये दिसलं. भूक परत येते, तिच्यावर मनाचा ताबा चालत नाही. म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं चालू ठेवायचं औषध आहे, आणि लग्नाआधी चार महिने घेऊन सोडून द्यायचं असेल तर पैसे वाचवलेले बरे. ऑपरेशनला खर्च एकदम होतो, इंजेक्शनला महिन्यामहिन्याला.

२०२५ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी ३,९३२ पेशंटची तुलना छापली, लठ्ठपणा आणि डायबेटीस दोन्ही असलेले, काहींचं ऑपरेशन, काहींना जीएलपी-१ औषधं. दहा वर्षांत ऑपरेशन गटात मृत्यूचा धोका ३२ टक्क्यांनी कमी, किडनीच्या गंभीर आजाराचा ४७ टक्क्यांनी कमी, डोळ्याच्या पडद्याच्या त्रासाचा ५४ टक्क्यांनी कमी. आकडे मोठे आहेत, पण इथे चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते, जे ऑपरेशनला तयार झाले ते मुळातच जरा तब्येतीने बरे किंवा जास्त काळजी घेणारे असू शकतात, आणि औषधवाले बरेच जण जुन्या पिढीच्या इंजेक्शनांवर होते. टिर्झेपाटाइड विरुद्ध बायपास अशी दहा वर्षांची सरळ लढत अजून झालेली नाही, ते औषधच २०२२ साली आलं. उलट औषधाच्या बाजूने किडनीचा पक्का पुरावा आहे, फ्लो नावाच्या ट्रायलमध्ये डायबेटीस आणि किडनीचा आजार असलेल्यांना सेमाग्लुटाइडने किडनीच्या मोठ्या घटना आणि हार्टमुळे किंवा किडनीमुळे येणारा मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले.

त्रास दोन्हीकडे आहेत. इंजेक्शनने मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, पित्ताशयात खडे, आणि शुगर झपाट्याने उतरली तर आधीच खराब असलेला डोळ्याचा पडदा बिघडू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या. ऑपरेशननंतर बी१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी कायमचं घ्यावं लागतं, शाकाहारी माणसाने तर बी१२ विसरूच नये, स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढते, बायपासनंतर गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर. जिवाचा धोका मात्र लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी, अनुभवी सेंटरमध्ये साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका.

आता वर्षांच्या मुद्द्याकडे. स्टॅम्पीडमध्ये पाच वर्षांनी कोणाची शुगर लक्ष्यावर राहिली ते पाहिलं तर डायबेटीस आठ वर्षांपेक्षा कमी जुना असणं हे मोठं कारण निघालं. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी जिवंत असतील तर त्यांच्यावरचा भार उतरवून त्या परत उभ्या राहतात, संपल्याच असतील तर ऑपरेशन वजन उतरवेल पण इन्सुलिन सुटणार नाही. सी-पेप्टाइड नावाची साधी रक्ताची टेस्ट यांचा अंदाज देते. आणि आपल्याकडे होतं काय, की पंधरा वर्षं गोळ्या, पाच वर्षं इन्सुलिन, क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनी थकलेली), आणि मग कुणीतरी म्हणतं आता सर्जनला दाखवा. सर्जनकडे नुसतं बोलायला आधी गेलं तर काही बिघडत नाही ना.

आपल्या शरीराचा वेगळा हिशेब आहे तोही सांगतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आत एवढी चरबी असते, म्हणून डायबेटीस कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. २०२३ च्या आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात देशात १०.१ कोटी डायबेटीसवाले निघाले आणि सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. पुण्यातच शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३५ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या १५ डायबेटीस पेशंटवरच्या बायपासचे निकाल छापले होते, तीन महिन्यांत सगळ्यांची शुगरची औषधं सुटली होती. गट लहान, पण त्या काळात एवढ्या कमी वजनावर ऑपरेशन करायचा विचारही बहुतेक देशांत होत नव्हता.

पुढे जगभरच्या सर्जन संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी रेषा खाली आणली, बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा पर्याय समोर ठेवावा असं म्हटलं. पण आपल्या मेडिक्लेमचा नियम वेगळाच, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला डायबेटीस वगैरे. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचा हिशेब करा, २७.५ म्हणजे ६६ किलो आणि ३५ म्हणजे ८४ किलो. ७० किलोची, चार वर्षांपूर्वी डायबेटीस निघालेली, बीटा पेशी अजून शाबूत असलेली बाई डॉक्टरी हिशेबाने ऑपरेशनसाठी चांगली उमेदवार आहे, पण पॉलिसीच्या नियमाने तिला आधी आणखी १४ किलो वाढवावे लागतील आणि शुगरही हाताबाहेर जाऊ द्यावी लागेल.