‘स्वेत्की’ला फेस्टिव्हल का म्हणत नाहीत

लात्व्हियाची राजधानी रिगा इथे साधारण पाच वर्षांनी एकदा गायन आणि नृत्याचा राष्ट्रीय सोहळा होतो. 2023 मध्ये त्याला दीडशे वर्षे झाली, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी त्यात भाग घेतला. इंग्रजी बातम्या त्याला सर्रास ‘फेस्टिव्हल’ म्हणतात. युनेस्कोच्या वारसा यादीत मात्र ‘सेलिब्रेशन्स’ असा शब्द आहे. लात्व्हियन भाषेत ‘फेस्तिवाल्स’ हा शब्द आहे आणि तो चित्रपट महोत्सवाला, रॉक संगीताच्या कार्यक्रमाला चालतो. गाण्यांच्या या सोहळ्याचे नाव मात्र ‘द्जिएस्मु स्वेत्की’. तिकीट काढून बघायला जातात तो फेस्तिवाल्स. स्वेत्की म्हणजे जो सगळ्यांनी मिळून पाळायचा तो सण.

शब्दाचे मूळ ‘स्वेत्स’, म्हणजे पवित्र. रविवारही त्याच घरातला. लात्व्हियन भाषेत सोमवार ‘पहिला दिवस’, मंगळवार ‘दुसरा दिवस’ असे मोजत शनिवारी ‘सहावा दिवस’ होतो आणि तिथे मोजणी थांबते. रविवार ‘सातवा’ नाही, तो ‘स्वेत्दिएना’, पवित्र दिवस. ‘आशीर्वाद दे’ यासाठीचे ‘स्वेती’ हे क्रियापदही याच मुळाचे, आणि ते थेट राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीत आहे: देवा, लात्व्हियाला आशीर्वाद दे.

गंमत अशी की इतका घरचा वाटणारा ‘स्वेत्स’ बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते उसना आहे. लिथुएनियन भाषेतला ‘श्वेंतास’ हा त्याचा भाऊ. मूळ बाल्टिक शब्द, म्हणजे या दोन्ही भाषांच्या सामायिक पूर्वज भाषेतला, लात्व्हियनच्या स्वतःच्या ध्वनिनियमांतून घरंगळत आला असता, तर ‘एन्’चा ‘इए’ होऊन त्याचे रूप ‘स्विएत्स’सारखे झाले असते. ते तसे नाही, म्हणून तो जुन्या रशियन भाषेतून आला असे मानतात. चर्चसाठीचा ‘बाज्नीत्सा’, क्रूसासाठीचा ‘क्रुस्त्स’, पुस्तकासाठीचा ‘ग्रामाता’ हे शब्दही पूर्वेकडूनच आले. 1201 मध्ये जर्मन बिशपने रिगा वसवण्याआधीच पूर्वेकडचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म या भागात पोचला होता, त्याचीच ही खूण. उसना असो वा घरचा, कूळ एकच: पारशांच्या धर्मग्रंथातला, अवेस्तेतला ‘स्पेंता’, म्हणजे पवित्र, हाही याच कुळातला. मुंबईतल्या पारशांच्या प्रार्थनांतून ‘अमेशा स्पेंता’ ऐकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

व्याकरणात ‘स्वेत्की’ कायम अनेकवचनी. एकच सण असला तरी क्रियापद अनेकवचनीच लागते. आपल्याकडे ‘डोहाळे’ किंवा ‘हाल’ या शब्दांचे जसे, तसेच. लिथुएनियन लोक सणाला ‘श्वेंते’ म्हणतात आणि तो शब्द सरळ एकवचनी आहे, म्हणून दोन्ही भाषा शिकणारे इथे हमखास अडखळतात. सण मोजायचे तर साध्या संख्यावाचकाऐवजी समूहवाचक रूप घेणे चोख मानतात: दोन सण म्हणजे ‘दिवेयी स्वेत्की’. नाताळ, ईस्टर, उन्हाळ्यातला यानी, यांची नावेही अनेकवचनीच आहेत.

शुभेच्छा देतानाची चूक बहुधा विभक्तीची असते. ‘आनंदी सण’ असे प्रथमेत म्हणून चालत नाही. ‘मी इच्छितो’ हे क्रियापद अध्याहृत असल्याने शब्द द्वितीयेत जातात: ‘प्रिएत्सीगुस स्वेत्कुस!’ स्वेत्की पुल्लिंगी, म्हणून विशेषण ‘प्रिएत्सीगुस’. नाताळ ‘जिएमास्स्वेत्की’, शब्दशः हिवाळ्याचा सण, तोही पुल्लिंगी, त्यामुळे ‘प्रिएत्सीगुस जिएमास्स्वेत्कुस’. ईस्टरचे ‘लिएल्दिएनास’, म्हणजे मोठे दिवस, स्त्रीलिंगी आहे. तिथे ‘प्रिएत्सीगास लिएल्दिएनास’ म्हणावे लागते. नेमका सण कोणता याची खात्री नसेल तर ‘स्वेइत्सिएन्स स्वेत्कोस!’, म्हणजे ‘सणानिमित्त अभिवादन’, कुठेही खपते. वाढदिवसाला यातले काहीच म्हणत नाहीत, तिथे ‘दाउद्ज लाइमेस’, भरपूर सुख. नाताळाचे नाव लिहिताना दोन शब्द तोडले तर घोटाळा होतो: ‘जिएमास स्वेत्की’ म्हणजे हिवाळ्यातला कुठलाही मेळावा, त्यात येशूचा संबंध उरत नाही.

घरच्या कार्याला पूर्वापार वेगळा शब्द आहे: ‘गोदी’. बारसे, लग्न आणि अंत्यविधी हे तिन्ही गोदी. ‘गोद्स’ म्हणजे मान, आणि ज्याच्या मानासाठी लोक जमतात ते गोदी. मराठीत ‘सण’ आणि ‘कार्य’ यांत जो भेद आहे, तोच इथे. फक्त आपण अंत्यविधीला लग्नकार्याच्या रांगेत बसवत नाही. स्वेत्की दिनदर्शिकेने येतात, गोदी माणसाच्या आयुष्याने.

एकोणिसाव्या शतकापर्यंत स्वेत्की मुख्यतः चर्चच्या आणि ऋतूंच्या ताब्यात होते. तो शब्द राष्ट्राकडे नेला गाण्याने. बाल्टिक जर्मन, म्हणजे या प्रदेशात स्थायिक झालेले जर्मन लोक, गायनमेळावे भरवत, 1861 मध्ये रिगात असा एक झाला. 1864 मध्ये दिक्ली गावात युरिस नेइकेन्स या पाद्र्याने लात्व्हियन गायकवृंद एकत्र आणले. मग 1868 मध्ये स्थापन झालेल्या रिगा लात्व्हियन सोसायटीने 1873 मध्ये साऱ्या प्रदेशातले सुमारे हजार गायक रिगात जमवले. तेव्हा नाव होते ‘द्जिएदाशानास स्वेत्की’, गाण्याच्या क्रियेचा सण. पुढे ‘द्जिएस्मु’, गाण्यांचा, रूढ झाले. जर्मन ‘फेस्ट’साठी हाताशी असलेला शब्द घेतला गेला, पण तो पावित्र्याचे वजन घेऊनच आला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्या भाषेत चार आवाजांत गाणे, हे रविवारच्या पंगतीत बसले. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच.

सोव्हिएत काळात शब्द हटला नाही, मालक बदलला. ऑक्टोबर क्रांतीचा दिवस ‘ओक्तोब्रा स्वेत्की’ झाला, नाताळची सुटी गेली. 1959 च्या अखेरीस अर्विद्स पेल्शे लात्व्हियातल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले, त्यानंतर काही वर्षे ‘लीगो’ आणि ‘यानी’, म्हणजे 23 आणि 24 जूनचा ओकच्या पानांचा, शहाजिऱ्याच्या चीजचा आणि बिअरचा सण, सार्वजनिक जीवनातून बाजूला सारला गेला. घराघरांत तो चालूच राहिला. गाण्यांचा सोहळा मात्र सरकारने स्वतःच भरवला. 1948 पासून त्याला नृत्यही जोडले गेले. व्यासपीठावर लेनिनची स्तुती आणि त्याच कार्यक्रमात जुनी लोकगीते, असा तो विचित्र संसार होता.

3 ऑक्टोबर 1990 च्या कायद्याने दिवसांची सरळ वाटणी केली: स्वेत्कींचे दिवस, स्मरणाचे दिवस आणि नोंद घेण्याचे दिवस. 18 नोव्हेंबर, म्हणजे 1918 च्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस, स्वेत्कीत येतो. 14 जून आणि 25 मार्च, 1941 आणि 1949 मध्ये सोव्हिएत सत्तेने लोकांना केलेल्या हद्दपारीचे दिवस, स्मरणात. या दोन दिवशी कुणी ‘प्रिएत्सीगुस स्वेत्कुस’ म्हटले तर ती चूक व्याकरणाची राहत नाही. गाण्यांच्या सोहळ्याचा समारोपाचा दिवसही आता कायद्याने स्वेत्की आहे आणि तो शनिवार-रविवारी आला तर पुढचा कामाचा दिवस सुटीचा. 2023 मध्ये समारोप रविवारी, 9 जुलैला होता, म्हणून सोमवारी देश बंद होता.