फिशटँकमधलं काळं शेवाळ: विदर्भाच्या उन्हाळ्यात का चढतं, कसं काढायचं

अनुबियास या टाकीतल्या झाडाच्या पानांच्या कडेला, लाकडाच्या टोकांवर, फिल्टरच्या तोंडाशी काळपट केसांचे आखूड झुपके दिसू लागले, तर ते नेहमीचं हिरवं शेवाळ नव्हे. बोटाने चोळलं तर पान फाटतं, पण झुपका सुटत नाही. खात्री करायची असेल तर एक झुपका कापून रात्रभर सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवा. सकाळी तो तांबूस झालेला दिसेल. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळून जातं आणि आतलं लाल रंगद्रव्य मागे राहतं. दिसायला काळं असलं तरी हे लाल शेवाळांच्या कुळातलं आहे.

त्याला मारणं अवघड नाही. मेडिकलमध्ये जखमा धुण्यासाठी मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. बाटलीवरची टक्केवारी मात्र वाचून घ्या. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूमचं असतं आणि इंटरनेटवरचे बहुतेक डोस ३ टक्क्यांचे असतात. तसाच ओतला तर डोस दुप्पट होतो.

३ टक्के द्रावण दर लिटर पाण्याला ०.४ मिली, एवढं प्रमाण धरा. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत वाळू-दगड वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी असतं. त्याला ६ टक्क्यांचं ९ मिली आणि तेवढंच साधं पाणी मिसळून घ्या. फिल्टर आणि हवेचा पंप बंद करा. पाणी थांबलं की सुई काढलेल्या सिरिंजमध्ये हे द्रावण भरून झुपक्याजवळ हळूहळू सोडा. झुपक्यावर लगेच बारीक बुडबुडे धरतात. दहा मिनिटांनी फिल्टर आणि पंप सुरू करा, दुसऱ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदला. दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी, मग पांढरे पडतात आणि मासे ते खाऊ लागतात.

एका वेळी टाकीचा एकच भाग घ्या. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं आणि ३२-३३ अंशांच्या पाण्यात तो आधीच कमी असतो. दुसरा डोस दोन-तीन दिवसांनी द्या. मॉस आणि व्हॅलिस्नेरिया या झाडांना पेरॉक्साइड सोसत नाही, कोळंबी असेल तर डोस निम्मा करा. लाकूड, दगड बाहेर काढून ६ टक्क्यांचं द्रावण थेट लावा, पाच मिनिटांनी ब्रशने घासून धुवा. पानं पूर्ण माखली असतील तर ती देठातून कापलेली बरी. फवारणीसाठी शेतातला पंप किंवा तणनाशकाची जुनी बाटली कितीही धुतलेली असली तरी वापरू नका.

एवढं करूनही महिन्याभरात ते परत दिसलं, तर कारण टाकीच्या चढउतारात असतं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कधी जास्त, कधी कमी आणि तळाशी साचलेली घाण, यावर हे शेवाळ पोसतं. झाडांना कार्बन डायऑक्साइड देण्यासाठी साखर-यीस्टची बाटली लावली असेल तर मे महिन्यात ती काढूनच टाका. दुपारच्या उकाड्यात यीस्ट झपाट्याने वायू सोडतं, पहाटे मंदावतं आणि बाटली लवकर संपते. त्यापेक्षा गॅस नाही आणि दिवा सहाच तास, हे झाडांना जास्त मानवतं.

दिव्याच्या टायमरकडे कोणाचं लक्ष जात नाही. भारनियमनात चकतीचा टायमर बंद पडतो आणि लाइन आली की जिथे थांबला तिथूनच पुढे चालतो. रोज दोन तास लाइन गेली तर आठवड्यात तो चौदा तास मागे पडतो आणि दिवा भलत्याच वेळी लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. लाइन पाच-सहा तास गेली असेल तर फिल्टर थेट चालू करू नका. आतलं पाणी नासलेलं असतं. टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज पिळून मगच सुरू करा.

पाण्याचा हिशेब वेगळा. बोअरचे जे क्षार कुलरच्या गवतावर पांढरे जमतात, तेच टाकीत साठतात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. उघड्या टाकीतून मेमध्ये दिवसाला लिटर-सव्वा लिटर उडतं. ते बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर महिन्याभरात टाकीतले क्षार दुपटीच्या जवळ जातात. उडालेलं पाणी आरओच्या कॅनमधून भरा आणि पाणी बदलताना बोअर व आरओ निम्मं-निम्मं घ्या. अकोला-बुलडाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात तर मी जवळजवळ पूर्ण आरओच सुचवेन, त्यात बोअरचं थोडंसं.

खताच्या बाबतीत कृषी केंद्रातलं १९:१९:१९ टाकीत घालू नका. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं; मासे दगावतात आणि शेवाळ फोफावतं. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते चालतं. १०० लिटरला १ ग्रॅम घातलं की नायट्रेट लिटरमागे ६ मिलिग्रॅमने वाढतं. आधी नायट्रेट मोजायच्या पट्टीने पाणी तपासा. शेताजवळच्या बोअरला नायट्रेट मुळातच भरपूर असू शकतं, तेव्हा खताची गरजच नसते.

संत्र्याच्या बागेसाठी घरात मोरचूद (तांब्याचा क्षार) असतं आणि त्याने शेवाळ मरतं, हेही खरं. पण कोळंबी आणि गोगलगायी त्यात हमखास मरतात, झाडं जळतात, आणि जड पाण्यात तांबं खाली बसत असल्याने किती उरलं ते कळत नाही. टाकीपासून ते लांबच ठेवा.

मासा आणायचा तर सयामी शेवाळखाऊ आणा, तोही लहान वयाचा. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो. दिसायला तसाच असणाऱ्या फ्लाइंग फॉक्स माशाच्या काळ्या पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ असते आणि परांवर काळे डाग असतात; सयामीचे पर पारदर्शक असतात. दुकानात सर्रास मिळणारा सकर मासा काळ्या शेवाळाला हात लावत नाही. तो फूटभर वाढतो आणि नकोसा झाला की लोक तलावात सोडतात. असं अजिबात करू नका. तिथे तो देशी माशांची अंडी आणि खाद्य फस्त करतो.