नदी-आरोग्याचे मूल्यमापन

नदीचे पाणी, प्रवाह, पात्राची ठेवण आणि सजीवसृष्टी यांची एकत्रित पाहणी करून तिची परिसंस्था नैसर्गिक स्थितीपासून किती व कशामुळे ढळली आहे, हे ठरवण्याची पद्धती. पुनरुज्जीवनाचे कोणते काम आधी हाती घ्यायचे, हे या निदानावर ठरते.

पाण्यातील विरघळलेला प्राणवायू किंवा जैवरासायनिक प्राणवायू मागणी (पाण्यातील घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा प्राणवायू) मोजली, तरी नमुना घेतला त्या वेळेचीच स्थिती कळते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असू शकते. तळाशी महिनोन्‌महिने राहणाऱ्या जीवांची साक्ष म्हणूनच अधिक मोलाची ठरते. उथळ, खळाळत्या पाण्यात खालच्या अंगाला जाळी धरून प्रवाहाच्या वरच्या अंगाचा तळ पायाने साधारण तीन मिनिटे ढवळतात आणि जाळीत आलेले सारे पांढऱ्या ताटात ओततात. त्यात पोटाच्या कडांचे कल्ले हलवणारी मेफ्लाय या कीटकाची पिल्ले, स्टोनफ्लाय कीटकाची पिल्ले आणि वाळूचे कण जोडून घर करणाऱ्या कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या भरपूर आढळल्या, तर पाणी बहुधा स्वच्छ असते. केवळ कायरोनोमिड या डासासारख्या माश्यांच्या तांबड्या अळ्या आणि गाळातले कृमी उरले असतील, तर प्राणवायूची टंचाई उघड होते. या अळ्या प्राणवायू धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बळावर तिथेही तगतात.

कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्ये सूचक जीवांची, म्हणजे ज्यांच्या असण्यावरून पाण्याचे प्रदूषण ओळखता येते अशा जीवांची, वर्गवारी मांडली. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१ मध्ये माशांवर आधारलेला जैविक अखंडतेचा निर्देशांक, म्हणजे नदीतील जीवसृष्टी किती शाबूत आहे हे सांगणारा आकडा, दिला. यूरोपीय संघाच्या २००० च्या जलविषयक निर्देशात नदीची तुलना तिच्याच प्रकारच्या, जवळजवळ अबाधित नदीशी करून पाच वर्ग पाडतात. डोंगरी ओढा आणि सपाटीवरची संथ नदी एकाच मापाने मोजणे अन्यायाचेच होय. या पद्धतीत सर्वांत खालावलेला घटक अंतिम वर्ग ठरवतो, त्यामुळे चांगल्या सरासरीआड दुखणे लपत नाही.

लक्षण एकच असले तरी कारणे वेगळी असू शकतात. फ्लोरिडातील किसिमी नदी १९६२ ते १९७१ दरम्यान सरळ कालव्यात कोंडली गेली आणि तिच्या जुन्या वळणांत पाणी साचून प्राणवायू घटला. केवळ सांडपाणी शुद्ध करून तो परतला नसता. प्रवाहच परत आणणे भाग होते. कामापूर्वीच्या नोंदी हाताशी ठेवून १९९९ पासून कालव्याचे भाग बुजवण्यात आले, नदी जुन्या पात्रातून वाहू लागली, प्राणवायू वाढला आणि पूरमैदानात पाणपक्षी पुन्हा उतरू लागले.