लवंगेविना लवंग: गव्हाच्या बिअरमधील गंधाचे रसायन

बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला लवंगेचा वास येतो, त्याअर्थी तिच्यात लवंगेचा अर्क मिसळलेला असणार, असा समज बराच पसरलेला आहे. एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची अशी बिअर सांगलीत विश्रामबागेतील एका स्नेह्यांकडे चाखली, तेव्हाही हीच शंका निघाली. कॅनवरील यादीत पाणी, जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), गहू, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले), धणे, संत्र्याची साल आणि यीस्ट एवढेच घटक होते.

हा प्रकार बेल्जियममधील हूगार्डन गावाचा. तेथील शेवटची ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली आणि पूर्वी दूधविक्री करणारे पियर सेलिस यांनी १९६० च्या दशकात ही परंपरा पुन्हा उभी केली. तिच्यात माल्ट न केलेला गहू भरपूर असतो. त्यातील प्रथिने व पॉलिफेनॉल एकत्र येऊन प्रकाश विखुरतात, म्हणून ग्लासातील बिअर फिकट पिवळी आणि गढूळ दिसते. हा गढूळपणा बिघाडाचे लक्षण नव्हे.

थंडगार ग्लास नाकाशी नेताच प्रथम संत्र्याच्या सालीतील लिमोनीन आणि धण्यातील लिनॅलूल जाणवते. बिअर थोडी कोमट होऊ लागली की त्यांच्यामागून लवंग पुढे येते, आणि तिची कथा धान्याच्या कोंड्यापासून सुरू होते.

गहू आणि जव यांच्या पेशीभित्तिकांत अरॅबिनोझायलन नावाची लांब शर्करा-साखळी असते. तिला फेरुलिक आम्लाचे रेणू एस्टर बंधाने जोडलेले असतात. दळलेले धान्य सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही वेळ ठेवले, की माल्टमधील विकरे (एन्झाइम) हा बंध तोडून आम्ल मोकळे करतात. पुढे तापमान ६५ अंशांच्या आसपास नेले, की दुसरी विकरे स्टार्चची साखर करतात. परंतु त्या तापमानाला पहिल्या विकरांचे काम मंदावते, म्हणून आधीचा मुक्काम महत्त्वाचा. मोकळ्या झालेल्या आम्लाला स्वतःचा लवंगेचा गंध नसतो. ते यीस्टच्या पेशीत शिरते, आणि तेथे एफडीसी१ हे विकर त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकते. या विकराला लागणारा सहघटक पीएडी१ हे दुसरे विकर तयार करते. C₁₀H₁₀O₄ मधून CO₂ वजा झाला की C₉H₁₀O₂ उरते. हेच ४-व्हिनाइलग्वायकॉल. लवंगेतील युजेनॉलशी त्याची रचना इतकी जुळते की आपले नाक लवंगेचीच आठवण काढते. लिटरमागे मिलिग्रॅमचे काही दशांश एवढी मात्रासुद्धा जाणवण्यास पुरेशी असते.

मग सर्वच बिअरना हा वास का येत नाही? बिअरसाठी पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या अनेक यीस्टमध्ये ही दोन विकरे बनवणारी जनुके उत्परिवर्तनामुळे निकामी झालेली आहेत, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. बहुतेक ठिकाणी हा गंध दोष मानला गेला आणि तो न देणारे यीस्ट निवडले गेले. गव्हाच्या बिअरसाठी मात्र तो हवाच असल्यामुळे तेथे जनुके शाबूत राहिली. माणसाच्या आवडीनिवडीने सूक्ष्मजीवाच्या जनुकांवर उमटवलेली ही खूण मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सांगलीच्या वाचकाला फेरुलिक आम्ल परके नाही. येथील मार्केट यार्डात जिचे सौदे होतात, त्या हळदीतील कर्क्युमिनच्या रेणूत मिथिलीनच्या एका दुव्याने जोडलेले दोन फेरुलॉइल गट, म्हणजे फेरुलिक आम्लाच्याच रेणूचे भाग, असतात; त्याचे रासायनिक नावच डायफेरुलॉइलमिथेन आहे. वनस्पतींनी एकाच कच्च्या मालातून कोंड्याचा ताठपणा आणि हळदीचा पिवळेपणा असे दोन्ही घडवले आहेत.

यावरून ‘गव्हाची बिअर पौष्टिक असते’ या प्रचाराला मात्र कोणी बळ देऊ नये. तिच्यात साधारण पाच टक्के अल्कोहोल असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. फेरुलिक आम्ल वा ४-व्हिनाइलग्वायकॉल यांसारख्या फेनॉल संयुगांच्या काही मायक्रोग्रॅम वा मिलिग्रॅमने ते धुऊन निघत नाही.

४-व्हिनाइलग्वायकॉल फार टिकाऊही नाही. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, त्याचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात फ्रीजबाहेर ठेवलेल्या जुन्या कॅनमध्ये गहू, धणे आणि संत्रे कदाचित ओळखता येतील, पण लवंग पुसट झालेली असेल. कॅनवरील उत्पादनाची तारीख पाहावी ती याच कारणासाठी.