पिवळं कार्ड धाक दाखवायला निघालं नव्हतं

‘कडक पंच खेळाडूशी बोलत नाही, थेट खिशात हात घालतो’ हे फुटबॉलच्या मैदानाकाठी इतकं ऐकलंय, की खरंच वाटावं. पण कार्डाचा जन्मच मुळी बोलणं न पोचल्यामुळे झाला. 1966 च्या विश्वचषकात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढलं. यांना स्पॅनिश येईना, त्याला जर्मन. तो दुभाषा मागत राहिला, काही मिनिटं हटेचना. पुढे फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, पंच समितीतले केन ॲस्टन यांना ट्रॅफिक सिग्नल पाहून पिवळ्या-लाल रंगांची (पिवळं म्हणजे ताकीद, लाल म्हणजे बाहेर) कल्पना सुचली, आणि 1970 ला मेक्सिकोत कार्डं आली.

युरोपातल्या देशांच्या युरो 2024 स्पर्धेत तर निर्णयाचा खुलासा मागायला फक्त कर्णधारानेच पंचांकडे जायचं, असं ठरलं. घोळक्याशी कोण बोलणार?

आपल्या कबड्डीतही आधी हिरवं कार्ड, म्हणजे नुसती ताकीद. जाणता पंच त्याच्याही आधी तापलेल्या गड्याला बाजूला घेतो आणि आवाज खाली ठेवून काय चुकलं ते एका वाक्यात सांगतो. चारचौघांत बोट नाचवलं, की गडी आणखीच पेटतो.