वानरांचे जंत आणि झाडाखालची माती

गावाच्या शिवेवरच्या चिंचेवर वानरांचा कळप रात्र काढतो आणि उजाडलं की खाली उतरण्याआधी तिथंच पोट मोकळं करतो. विदर्भातल्या कितीतरी गावांत सकाळी अशा झाडाखाली गेलं तर हे दिसतं, वासही येतो. वानरांच्या पोटातल्या जंतांसाठी दिवसातली हीच सगळ्यात मोलाची वेळ.

संसर्ग म्हटलं की आपल्याला आधी स्पर्श आठवतो. वानरं तासन्‌तास एकमेकांच्या उवा काढत बसतात, तेव्हा जंतही असेच पसरत असतील असं वाटतं. पण व्हिपवर्मचं उदाहरण घ्या. हा जंत माणसांत असतो, माकडांतही असतो. त्याचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना बूच लावलेल्या पिंपासारखं दिसतं आणि बाहेर पडतं तेव्हा निरुपद्रवी असतं. सावलीतल्या ओल्या, उबदार मातीत दोन-चार आठवडे गेले की आत अळी तयार होते आणि मगच ते पोटात गेलेलं बाधतं. स्ट्रॉन्गिलॉइडिस नावाचा दुसरा जंत गिळावाही लागत नाही. त्याची अळी ओल्या मातीतून थेट कातडीत शिरते.

त्यामुळे कळप केवढा आहे यापेक्षा तो त्याच जागी किती वेळा परततो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडं झोपायच्या झाडांचे गट आलटून पालटून वापरतात. १९८२ साली हौसफेटर आणि मीड या संशोधकांनी त्याचा संबंध जंतांशी जोडला: झाडाखालच्या मातीत अळ्या वाढतात, तेव्हा ती जागा काही काळ टाळलेली बरी. आपल्याकडे वावरांच्या मध्ये उंच झाडं मोजकीच उरली असतील, तर वानरांना अशी निवड कुठून मिळणार?

स्पर्शाचा काहीच हात नाही, असंही नाही. जपानमधल्या याकुशिमा बेटावरच्या माकडांत एकमेकांचं अंग साफ करण्याच्या जाळ्यात मध्यभागी असलेल्या माद्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी जास्त सापडली. पुढे जपानी माकडांवरच्याच दुसऱ्या अभ्यासात उवांचं मात्र उलटं दिसलं: जिचे संबंध जास्त, तिच्या अंगावर उवा कमी. मैत्रिणी उवा आणि लिखा काढून टाकतात, जंत काढू शकत नाहीत. शिवाय ज्या माद्या एकत्र बसतात त्या एकाच जागी खातात, एकाच जागी झोपतात. म्हणजे त्यांना जोडणारी वाट पुन्हा मातीतूनच जात असणार.

आता विदर्भाचं हवामान. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कोरड्या मातीत, थेट उन्हात जंतांची अंडी फार टिकत नाहीत. या काळात धोका सरकतो पाण्याकडे. बोड्या आटतात, जंगलात मोजके पाणवठे उरतात आणि सगळे तिथंच येतात. जिआर्डिया किंवा अमीबा या आतड्यातल्या एकपेशीय परजीवींना जंताच्या अंड्यासारखं पिकत बसावं लागत नाही; विष्ठेतून पडलेलं त्यांचं कवचबंद रूप पाण्यात मिसळलं की तेवढ्यावर भागतं. पाऊस पडला की पाणी सगळीकडे होतं, गर्दी पांगते आणि मातीची पाळी येते.

वानर पानं खातो म्हणून तो झाडावरच राहतो, ही समजूतही सोडून द्यावी. आपला हा काळ्या तोंडाचा वानर दिवसाचा बराच वेळ जमिनीवर काढतो. त्यात रामटेकच्या गडावर किंवा चिखलदऱ्याच्या रस्त्यावर फुटाणे, केळी, पोळ्या टाकल्या जातात. हनुमानाच्या नावानं दिलेलं अन्न रोज त्याच पायऱ्यांशी, त्याच वळणावर पडतं. तिथंच वानरं बसतात, तिथंच हगतात आणि तिथलंच उचलून खातात. जंताला याहून सोयीचं काय असेल! भाविकांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. वानराच्या आतड्याला त्याचा उपयोग होत नाही, एवढंच.

एका कळपातून दुसऱ्या कळपात जंत नेण्याचं काम मुख्यतः नराकडे. बऱ्याच कळपांत एकच हुप्प्या, बाकी माद्या आणि पिल्लं. उरलेले नर वेगळ्या टोळीनं भटकतात. त्यातला एखादा जुन्या हुप्प्याला हुसकून कळप ताब्यात घेतो, तेव्हा पोटातलं सगळं सोबत घेऊनच येतो. माद्या सहसा जन्मल्या कळपातच राहतात.

हे सगळं कळतं विष्ठेवरूनच. वानराला पकडावं लागत नाही. नमुना मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात ढवळला की हलकी अंडी वर तरंगतात, ती मोजायची. मात्र अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर वानर निरोगी ठरत नाही. शिवाय थोड्याच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात. सरासरी काढली की तेच लपतं.

माणसांचं काय? माकडांतला आणि माणसांतला व्हिपवर्म दिसायला सारखाच. जनुकं तपासली तर काही वाण दोघांत सामाईक निघतात, काही फक्त माकडांतले. चैतात मोहफुलं वेचायला झाडाखाली जाणाऱ्यांनी यामुळे घाबरू नये, तेव्हा माती तापलेली, कोरडी असते. काळजी घ्यायची ती पावसाळ्यात: वानरं बसतात त्या झाडाखाली अनवाणी फिरणारी पोरं आणि परसातली न धुता खाल्लेली काकडी. अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मोठ्या गोल जंतावर चांगली चालते, व्हिपवर्मवर एका गोळीचा परिणाम कमी होतो.