स्मृतिभ्रंशाच्या चर्चेत 'ड' जीवनसत्त्व आलं कुठून?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'ड' जीवनसत्त्वासमोर ९ किंवा ११ असा आकडा दिसला की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. आजोबा हल्ली नावं विसरतात ते यामुळेच का? ही शंका कशी रुजली, ते पाहायला हवं.

या जीवनसत्त्वाची ओळख झाली ती हाडांमुळे. युरोपातल्या धुरकट शहरांत मुलांना मुडदूस व्हायचा, पाय कमानीसारखे वाकायचे. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कोंडून वाढवलेल्या कुत्र्यांचा मुडदूस कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने रोखून दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांना अतिनील दिव्याच्या उजेडात ठेवून बरं केलं. तेलाने जो गुण येतो तोच उजेडानेही येतो, हे पाहून सगळे चक्रावले. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी तेलातला हा घटक वेगळा असल्याचं सिद्ध केलं आणि त्याला 'ड' हे नाव मिळालं.

मेंदूचा विषय निघाला तो बऱ्याच उशिरा. या जीवनसत्त्वाचे ग्राही, म्हणजे ते पकडून घेणारे पेशींमधले रेणू, मानवी मेंदूत कुठे कुठे आहेत, याचा नकाशा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मग २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १,६५८ वृद्धांचा अभ्यास आला. सुमारे साडेपाच वर्षांत त्यातल्या १७१ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांची पातळी मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्याही खाली होती, त्यांच्यात धोका पुरेशी पातळी असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. बातमी जगभर गेली.

पण ज्याची स्मृती ढासळू लागते तो माणूस आधी फिरायला जाणं सोडतो. पारावर बसत नाही, बाजारात जात नाही, ताटातलं निम्मं तसंच ठेवतो. म्हणजे आजारामुळेच पातळी घसरलेली असू शकते. म्हणून गोळ्या देऊन पाहणं भाग होतं. अमेरिकेत ४,००० हून अधिक वयस्क स्त्रियांपैकी काहींना कॅल्शियमसोबत रोज 'ड' चे ४०० युनिट, तर बाकीच्यांना औषध नसलेली, नुसतीच दिसायला सारखी गोळी सुमारे आठ वर्षं दिली गेली. २०१२ मध्ये निकाल लागला, स्मृतिभ्रंशाच्या प्रमाणात फरक नव्हता. मात्रा कमी होती, हा आक्षेप रास्तच. पुढे अमेरिकेतल्याच 'व्हायटल' नावाच्या मोठ्या चाचणीत रोज २,००० युनिट दिले, तरी स्मरणशक्तीची घसरण थांबली नाही. मात्र या चाचण्यांतल्या बहुतेकांना मुळात मोठी कमतरता नव्हती, त्यामुळे प्रश्न पुरता मिटलेला नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना हे जीवनसत्त्व सुचवलं, ते मृत्यूचा धोका थोडा कमी होण्याच्या शक्यतेमुळे.

आपल्याकडे ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. पण डॉक्टरांना पुन्हा न विचारता ते वर्षभर दुधात कालवून दिलं जातं. तसं झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि वाढलेल्या कॅल्शियमने म्हातारं माणूस गोंधळल्यासारखं, भ्रमिष्टासारखं वागू लागतं.